स्पार्क मोजून हवे असतील तर मूळ फाइलच पाठवा

हृदयाच्या स्नायूपेशींच्या कॉन्फोकल (लेझरने बिंदू-बिंदू टिपणाऱ्या मायक्रोस्कोपच्या) प्रतिमांमधले कॅल्शियम स्पार्क, म्हणजे पेशीत क्षणभर कॅल्शियम सुटल्याने उमटणाऱ्या बारीक चमका, आम्ही सॉफ्टवेअरने शोधून, मोजून देतो. नागपूर, अमरावती, वर्ध्याहून काम येतं आणि यादी हातात पडली की फोनही येतो: "मला स्पार्क स्पष्ट दिसतोय, तुमच्या यादीत का नाही?" किंवा उलट, "यादीत आहे, पण तिथे तर काहीच नाही." बहुतेक वेळा कारण एकच निघतं. आलेली फाइल मूळ नसते. कोणी व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ टाकतं, कोणी स्लाइडमधला जेपेग काढून देतं. सगळ्यात जास्त वेळ खातात ते "जरा साफ करून" पाठवणारे.

चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी १९९३ मध्ये उंदराच्या हृदयपेशींत हे स्पार्क दाखवले. एक स्पार्क सुमारे १० मिलिसेकंदांत चढतो, पुढच्या वीसेक मिलिसेकंदांत निम्मा उतरतो, रुंदी साधारण २ मायक्रॉन. लाइन-स्कॅनची, म्हणजे पेशीवरची एकच रेषा पुन्हापुन्हा टिपण्याची, एक ओळ २ मिलिसेकंदांची धरली, तर चढ पाचच ओळींत आटोपतो. त्यात प्रकाश कमी. एका पिक्सेलवर २५ फोटॉन आले, तर नुसत्या योगायोगाने त्यात ५ चा, म्हणजे २० टक्क्यांचा चढउतार असतोच. त्यामुळे एकट्या पिक्सेलवर भरवसा ठेवता येत नाही. ५१२ बाय ५१२ च्या प्रतिमेत सरासरीच्या वर तीन प्रमाण विचलनांवर रेषा आखली, तरी पेशी अगदी शांत असताना साडेतीनशेच्या आसपास पिक्सेल ती ओलांडतात.

म्हणून सॉफ्टवेअर आधी शांत भागातला नॉइज, म्हणजे हा योगायोगाचा चढउतार, मोजतं, त्यावरून थ्रेशोल्ड, म्हणजे ओलांडायची रेषा, ठरवतं आणि एकमेकांना लागून असलेले पुरेसे पिक्सेल एकत्र वर गेले तरच स्पार्क धरतं. हा हिशोब नॉइजवरच उभा आहे. तुम्ही स्मूदिंग केलंत की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, नॉइजचेच स्पार्कएवढे डाग तयार होतात आणि यादीत खोटे स्पार्क घुसतात. जेपेग प्रतिमेचे आठ बाय आठचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देतं, त्यात लहान स्पार्क जातात. ऑटो-कॉन्ट्रास्ट करून ८ बिटमध्ये सेव्ह केलं, की ४०९६ पातळ्यांच्या २५६ होतात आणि मूळ शून्य कुठे होतं तेही हरवतं. मग एफ-शून्याच्या, म्हणजे पेशी शांत असतानाच्या उजेडाच्या, तुलनेतली वाढ कशावरून काढायची? कापसाची गाठ बांधून झाल्यावर कोणत्या बोंडात अळी होती ते सांगता येत नाही, तसंच हे आहे.

तेव्हा मायक्रोस्कोपच्या सॉफ्टवेअरने स्वतः सेव्ह केलेली फाइल द्या: सीझेडआय, लिफ, एनडी२, जी असेल ती. ती नसेल तर कॉम्प्रेशन न केलेली १६ बिट टिफ चालेल. सोबत एका ओळीचा वेळ, पिक्सेलचा आकार आणि लेझर बंद ठेवून घेतलेली एक काळी प्रतिमा. ही काळी प्रतिमा हमखास राहते, आणि नंतर त्याच सेटिंगवर पुन्हा घ्यायची म्हटलं तर मायक्रोस्कोपची पाळी लवकर मिळत नाही.

"थ्रेशोल्ड थोडा खाली घ्या, संख्या वाढेल," अशी विनंतीही येते. ते आम्ही करत नाही. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींना एकच नियम लावतो, आणि कोणती फाइल कोणत्या गटातली हे तपासणाऱ्याला सांगत नाही. शिवाय प्रत्येक प्रतिमा उलटी करून, म्हणजे उजळ ते काळं करून, तीच शोधणी पुन्हा चालवतो. खरा स्पार्क वरच जातो, नॉइज दोन्हीकडे जातो. त्यामुळे उलट्या प्रतिमेत जे "सापडतं" त्यावरून खोट्यांचा अंदाज येतो. तो आकडा अहवालात छापून देतो, परीक्षकाने विचारलं तर तुम्हाला दाखवता येतो. दोन दिवस जास्त लागतात ते यासाठी.

पहिली फाइल आम्ही फुकट तपासतो आणि ती मोजण्याजोगी आहे की नाही ते कळवतो. शक्यतो सगळे प्रयोग उरकण्याआधीच ती पाठवा, म्हणजे सेटिंग बदलायला वाव राहतो. आमच्याकडे नेटचा वेग बेताचाच, मोठ्या फाइली पेन ड्राइव्हवर टाकून एसटी पार्सलने पाठवल्या तरी चालतं. मात्र एक प्रत तुमच्याकडे ठेवूनच पाठवा.