पोलिसांना विचारायचा हक्क गावाकडून गेला कुठे?

गणपतीच्या आधी आमच्या इथल्या पोलीस स्टेशनात शांतता समितीची बैठक असते. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, मंडळांचे अध्यक्ष, दोनचार जुने मेंबर, डीजे किती वाजता बंद करायचा एवढाच विषय. दोन वर्षांपूर्वी त्या बैठकीत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, साहेब, एसटी स्टँडच्या मागचा दिवा चार महिने बंद आहे, क्लासवरून येणाऱ्या मुलींच्या मागे पोरं लागतात. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की ताई, दिव्याचा विषय नगरपालिकेचा आहे. बाई पुढच्या सोमवारी नगरपालिकेत गेल्या, तिथे उत्तर मिळालं की दिव्याचं बघतो पण पोरांचा विषय पोलिसांचा आहे. दोघंही कायद्याने बरोबर होते, आणि मला तेच जास्त लागलं. हे असं का झालं हे शोधायला लागलो तर गोष्ट बरीच मागे गेली, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

जुन्या गावगाड्यात सुरक्षेची जबाबदारी गावाचीच असायची, पाटील वर आणि त्याच्या हाताखाली महार आणि रामोशी. चोरी झाली की रामोशी पावलांचा माग काढत निघायचा, माग गावाच्या शिवेपर्यंत गेला की तो पुढच्या गावाच्या हवाली करायचा आणि मग पुढचं शोधायची जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवेत हरवला तर भरपाई गावावर यायची. म्हंजे ज्यांच्यावर राखण सोपवली त्यांना चावडीवर उभं करून विचारता यायचं की माल कुठाय. हे सगळं फार छान होतं असं मी अजिबात म्हणत नाही. विचारायचा हक्क पाटलाचा आणि वरच्या जातींचा, रात्र जागून काढायची महार-रामोशांनी आणि संशयही पहिला त्यांच्यावरच. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध, म्हंजे गावकामाला वंशपरंपरेने बांधून ठेवणाऱ्या पद्धतीविरुद्ध, १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणलं ते उगाच नाही. पण जाब विचारायची जागा गावातच होती, एवढी गोष्ट खरी.

१८१८ ला पेशवाई गेली तेव्हा इथला इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पाटलांना लगेच हात लावला नाही, पण हळूहळू सूत्रं वर गेली. रामोशांची राखणीची कामं आणि वतनं गेली, पुरंदरच्या परिसरातून उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं त्यामागे हेही एक मोठं कारण, १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिलं. पुढे १८६१ चा देशाचा पोलीस कायदा आणि मुंबई इलाख्यात १८६७ चा गाव पोलीस कायदा आला. पाटील राहिला, पण आता तो सरकारचा माणूस होता, मॅजिस्ट्रेटला कळवायचं, हुकूम पाळायचे. गावाला उत्तर द्यायचं कुठेच नव्हतं. इंग्रज साहेबाला पोलीस हवे होते ते सत्ता टिकवायला, त्यामुळे ते लोकांच्या ताब्यात असावेत हा विचार त्या रचनेत येणारच नव्हता.

मुंबई शहराची गोष्ट तर याहून बोलकी आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. तिथे पोलिसांच्या खर्चाचा मोठा वाटा महापालिकेवर होता, म्हंजे मुंबईकरांच्या टॅक्समधून पोलीस पोसले जायचे, पण पोलीस कमिशनर नेमायचा सरकारने आणि त्याला प्रश्नही सरकारनेच विचारायचा. पालिकेचे मेंबर वर्षानुवर्षं यावर भांडत होते, पैसे आमचे तर अधिकार का नाही. शेवटी १९०७ च्या कायद्याने तोड निघाली, पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखान्यांचा भार पालिकेवर आला. आज मुंबईत पालिकेच्या शाळा आहेत आणि पोलीस राज्याचे आहेत, त्यामागे हीसुद्धा एक देवाणघेवाण आहे. वाद मिटला खरा, पण खर्चाच्या निमित्ताने का होईना पालिकेच्या सभागृहात पोलिसांचा विषय निघायचा तो दरवाजाही बंद झाला.

स्वातंत्र्यानंतर हे उलटं फिरवता आलं असतं. घटनेत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत गेले, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, त्यात कमिशनर आणि एसपी सगळे राज्य सरकारला बांधलेले. १९६२ ला वंशपरंपरेची मुलकी, म्हंजे महसुलाची, पाटीलकी गेली, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने आजचा पोलीस पाटील आला. वतन गेलं हे चांगलंच झालं, पण नेमणूक प्रांत, म्हंजे सरकारचा उपविभागीय अधिकारी करतो, ग्रामसभा नाही. मग ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती, १९९३ पासून. पंचायतींसाठी २९ विषयांची यादी, शहरांसाठी १८ विषयांची, त्यात रस्ते, पाणी, दिवे, अगदी दफनभूमी आणि स्मशानही आहे. पोलीस दोन्हीकडे नाहीत. त्या बाईंचा दिवा एका यादीत आणि मुलींच्या मागे लागणारी पोरं राज्यसूचीत, ते इथून.

आता भिवंडी, ठाण्याजवळचं यंत्रमागाचं शहर. यावर मला थोडं थांबायचंय कारण आपल्याकडे या विषयात झालेलं सगळ्यात मोठं काम तिथलं आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली, नंतर न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, यावेळी मुंबई-ठाण्यापर्यंत. शांतता समित्या तेव्हाही होत्या, पण त्यात बसणारे तेच ते पुढारी. १९८८ ला सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या, जवळपास ७०. प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही धर्मांची साधी माणसं, लूमवर काम करणारे, दुकानदार, बाया, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस शिपाई. अधिकारी नाही, शिपाई, हे महत्त्वाचं. कारण गल्लीत कोण कोणाचा भाऊ आणि कुणाचं कुणाशी वाजलंय हे त्यालाच माहीत असतं. बैठकीत बोलणं धर्मावर कमी आणि नळ, गटार, भाडेकरूची भांडणं यावर जास्त व्हायचं. वर्षभर नळावरून एकत्र बसलेली माणसं अफवेच्या रात्री एकमेकांच्या दारात जाऊन विचारू शकतात की खरं काय आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला शेजारची मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या आकड्यात ९०० माणसं गेली, आणि दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली.

ते बघून मुंबईतही मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली, माजी कमिशनर ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे कमिशनर सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने. पोलीस आणि वस्तीतल्या पोरांच्या क्रिकेट मॅचेस, दंगलग्रस्त भागात घराघरात जाऊन बोलणं, फार चिकाटीचं काम. पण यातलं काहीच कायद्यात नव्हतं. चांगला अधिकारी असला की कमिटी चालायची, बदली झाली की रजिस्टर कपाटात जायचं. भिवंडीतच जुलै २००६ मध्ये एका जागेवर पोलीस स्टेशन बांधायच्या वादातून गोळीबार झाला, दोघं गेले, आणि मग जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. पोलीस स्टेशन कुठे हवं हा प्रश्न त्याच गावात काही वर्षांपूर्वी कमिटीत बसून बोलता आला असता असं मला मनापासून वाटतं.

गावांकडे २००७ च्या १५ ऑगस्टला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हंजे आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आणली. तंटामुक्त समिती ग्रामसभेतून निवडायची आणि बांधाची, भावकीची, दारूवरून झालेली भांडणं गावातच मिटवायची, मिटली तर गावाला लाखांत बक्षीस. काही गावांत खरंच खटले कमी झाले, काही ठिकाणी बाईच्या तक्रारीवरही समेटाचा दबाव आला, हेही सांगायला हवं. बक्षिसाचा जोर ओसरला तसं अनेक गावांत फक्त कमानीवरचा बोर्ड राहिला. त्याआधीपासून बायांनी मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करायची तरतूद मात्र टिकली, कारण ती मोहीम नव्हती, नियम होता.

दरम्यान सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले. त्यातून महाराष्ट्राने २०१४ ला कायद्यात दुरुस्ती केली आणि पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. चांगलं आहे, पण ते एखाद्या पोलिसाने केलेल्या गैरवर्तनाची तक्रार ऐकतं. आमच्या वॉर्डात रात्रगस्त का होत नाही, बीट अंमलदाराकडे, म्हंजे त्या भागाच्या पोलिसाकडे, एवढी गावं का, हे विचारायला ती जागा नाही.

शहरांसाठी २००९ ला महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, नगरसेवकाने वॉर्डातल्या मतदारांना बोलवायचं, त्यात लोकांनी रस्त्यावरचे दिवे कुठे हवेत ते सुचवायचं. पण ती महापालिकांची गोष्ट आहे आणि तिथेही क्षेत्रसभा भरली असं फार क्वचित ऐकू येतं, आणि भरली तरी पोलिसांनी तिथे यायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. आमचं गाव तर नगरपालिकेचं. स्टँडमागचा दिवा शेवटी लागला, त्या बाईंनी मुख्याधिकाऱ्यांना तीन अर्ज दिल्यावर. मुलींचं मात्र त्यांना परत शांतता समितीतच मांडावं लागलं, पुढच्या गणपतीला.