घरातील वाय-फायची पोहोच

राउटरपासून लांबच्या खोलीत वाय-फाय रडतखडत चालते, याचे मूळ बहुतेक वेळा इंटरनेटच्या जोडणीत नसून मधल्या भिंतींत असते. आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तिथेही तो कमी भरला, तर पुढचे सगळे उपाय वाया.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नलची शक्ती चौथा हिस्साच उरते. पातळ लाकडी पार्टिशन फारसे अडवत नाही. सळयांचे काँक्रीट, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि मोठा आरसासुद्धा (त्याच्या पाठीला धातूचा लेप असतो) चांगलेच अडवतात. वाय-फायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे बऱ्या पोहोचतात, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची दाटी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकणारा. सिग्नलची शक्ती डीबीएम या एककात मोजतात (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार): उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो, उणे ८० च्या खाली भरवसा नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे: टीव्हीमागे दडलेला राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवणे. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो आणि तिच्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातो. म्हणून वरच्या मजल्यासाठी एखादी अँटेना आडवी करून पाहावी.

रिपीटर (राउटरचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे यंत्र) स्वस्त, पण हमखास चुकीच्या जागी लागतो. जिथे सिग्नल नाही, नेमक्या त्याच खोलीत तो लावला जातो. मग मोबाइलवर रेंज फुल दिसते आणि पान मात्र उघडता उघडत नाही, कारण दिसते ती रेंज रिपीटरची. त्याला स्वतःला राउटरकडून तुटपुंजेच मिळत असते. त्याची जागा वाटेत, सिग्नल अजून धड असतो तिथे. एकाच चॅनेलवर (लहरींच्या एकाच पट्टीवर) घेणे आणि पुढे देणे अशी दोन्ही कामे करणाऱ्या रिपीटरवर वेग साधारण निम्मा होतो. मेश संचात एकाच नावाखाली अनेक नोड (घरभर ठेवायची, एकमेकांशी जोडलेली वाय-फाय यंत्रे) असतात. कोणता धरायचा हे मात्र शेवटी मोबाइलच ठरवतो आणि कधीकधी दूरच्यालाच चिकटून बसतो.

सर्वांत खात्रीचा मार्ग केबलचा. कॅट ५ई प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. तिच्या दुसऱ्या टोकाला जुना राउटरही अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे यंत्र) म्हणून चालतो. केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेत) जोडावी, त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरची आकड्यांची ओळख) मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि डीएचसीपी (उपकरणांना असे पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद करावे, नाहीतर दोघेही पत्ते वाटत बसतात.