पार्श्वभूमी : 'उभयलिंगी' हा शब्द आणि शाळेतलं लैंगिक शिक्षण

वाचकांच्या समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली, म्हणून १९३४ साली मुंबईतल्या एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. संपादकांना दंड झाला. पुढे शाळेत लैंगिक शिक्षण शिरलं ते थेट एड्सच्या भीतीमुळे.

नव्वदच्या दशकात सांगलीची गणना एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत होत होती. भिंतींवरचे संदेश नवरा-बायकोला उद्देशून असत. मुलाकडे ओढ वाटणाऱ्या मुलाने ते वाचून काय समजायचं? हे आपल्यासाठी नाही, एवढंच. नंतर केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला. २००७ मध्ये विधिमंडळात संस्कृतीच्या नावाने गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला.

बंदीवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला जास्त छळतो तो शब्दांचा गुंता. विज्ञानाच्या तासाला 'उभयलिंगी' म्हणजे जास्वंद आणि गांडूळ, म्हणजे एकाच देहात दोन्ही इंद्रियं. हाच शब्द वर्तमानपत्रांनी मुलगा आणि मुलगी दोघांकडे ओढ वाटणाऱ्या माणसाला लावला. दहावीतल्या अशा मुलीने पुस्तक उघडलं, तर आपल्या शरीरातच काही बिघाड आहे असं तिला वाटणार. 'उभयलैंगिक', 'समलैंगिक' हे शब्द त्यामानाने बरे. ते शरीराकडून ओढीकडे नेतात. पण 'लैंगिक' हा शब्द तरी कुठे सरळ आहे? समानताही लैंगिक, अत्याचारही लैंगिक. त्यामुळे पाळी आणि चांगला-वाईट स्पर्श एवढं सांगितलं की लैंगिक शिक्षण झालं, असं शाळा मनापासून मानतात. आपल्या सांगलीच्या भागात आणखी एक शब्द आहे, जोगता. तो यल्लम्मा देवीला मुलं सोडण्याच्या प्रथेतला. कुणाला कुणाची ओढ वाटते याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी नाजूक चालीच्या मुलाला वर्गात हीच हाक मिळते आणि शिक्षक ती ऐकून पुढचं गणित घालतात.

जून २००९ मध्ये पाचवीत गेलेलं मूल घ्या. त्याच जुलैत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ते मूल नववीत असताना, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला गुन्हा पुन्हा पुसला गेला, तेव्हा शाळा सुटून गेली होती. या बदलांबद्दल त्याच्याशी वर्गात कोण बोललं असेल?

पुढे २०२१ मध्ये तृतीयपंथी आणि लिंगभावाने वेगळ्या मुलांना सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी केंद्रीय पातळीवर एक पुस्तिका तयार झाली. आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गेली.

आजही व्याख्यानाला डॉक्टर आले की मुली एका खोलीत आणि मुलं दुसऱ्या खोलीत बसवतात. ओढ नेहमी भिंतीपलीकडच्या खोलीकडेच असते, हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं.