दात्याच्या पेशी नेमकं काय करतात?

परळच्या टाटा रुग्णालयात ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावा लागेल’ असं ऐकलं की नातेवाइकांची समजूत होते, हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा बिघडलेला कारखाना पाडून तिथे नवा उभारणार. ते खरं आहे, पण अर्धंच. केमोथेरपीतून निसटलेल्या कॅन्सरच्या पेशी हुडकून मारण्याचं काम दात्याच्या प्रतिकारपेशी पुढे महिनोन्‌महिने करत राहतात. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, अनेकदा खरं औषध तेच असतं.

हे लक्षात यायला जुळ्यांची मदत झाली. तंतोतंत सारखं जुळं भावंड हा सर्वांत चांगला दाता, असं कुणालाही वाटेल. पण १९९० साली दोन हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा जुळ्याकडून मॅरो घेतलेल्यांत, विशेषतः ल्युकेमियाच्या मायलॉइड प्रकारात, आजार जास्त वेळा उलटलेला दिसला. दात्याच्या पेशींना रुग्णात परकं काही दिसलंच नाही, मग त्या लढणार कुणाशी? त्याच वर्षी म्युनिकच्या हान्स कोल्ब यांनी प्रत्यारोपणानंतर आजार उलटलेल्या तिघांना मूळ दात्याच्या लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) दिल्या आणि आजार मागे हटला. मात्र तो दीर्घकालीन ल्युकेमिया होता. तीव्र प्रकारात हा उपाय बराच तोकडा पडतो. आजार झपाट्याने वाढतो आणि दात्याच्या पेशींना तेवढी सवड मिळत नाही. शिवाय काही ल्युकेमिया पेशी दात्यापेक्षा वेगळी असलेली आपली ‘एचएलए’ ओळखच (पेशीवरच्या ज्या खुणांवरून दाता जुळतो का ते ठरतं, ती) टाकून देतात आणि निसटतात. हा लबाडपणा मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

दुसरी अडचण जीव्हीएचडीची. दात्याच्या टी पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) कॅन्सरबरोबर रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत यांच्यावरही तुटून पडतात. म्हणून संशोधकांचं लक्ष एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’, या दुसऱ्या प्रतिकारपेशींकडे गेलं. समोरच्या पेशीवर आपल्या ओळखीची खूण दिसली नाही, तर त्या हल्ला करतात, आणि जीव्हीएचडी सहसा करत नाहीत. दाता पूर्ण जुळायलाही लागत नाही. आई, वडील किंवा मूल अर्धं जुळलेलं चालतं. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच असते, हे लक्षात घेतलं तर ही सोय किती मोठी ते कळेल.

२००५ साली मिनेसोटात, उपचारांना दाद न देणाऱ्या १९ मायलॉइड रुग्णांना अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकांच्या एनके पेशी दिल्या. पाच जणांत आजार दिसेनासा झाला. पुढे सेंट लुईसमध्ये याच पेशी आधी तीन सायटोकाइन्समध्ये (प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या प्रथिनांमध्ये) भिजवून ‘तयार’ केल्या. २०१६ साली छापलेल्या निष्कर्षांत, तपासता आलेल्या नऊपैकी पाच जणांनी प्रतिसाद दिला. आकडे लहान आहेत आणि ‘आजार दिसेनासा झाला’ म्हणजे ‘बरा झाला’ नव्हे. बातम्यांचे मथळे हा फरक हमखास गिळतात.

मुंबईत आणखी एक गोंधळ होतो: ‘नेक्सकार१९’ हा रक्ताच्या कॅन्सरवरचा उपचारही दात्याच्या पेशींचाच वाटतो. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून विकसित केलेल्या, ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’मध्ये रुग्णाच्याच टी पेशी काढून, बदलून परत देतात. तिथे दाता नसतो. दात्याच्या टी पेशींची जनुकं बदलून त्या आधीच तयार ठेवायच्या, हा वेगळा प्रयोग. २०१५ साली लंडनमध्ये एका तान्ह्या मुलीला अशा पेशी दिल्या होत्या. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम टाकलेल्या एखाद्या कुटुंबासमोर उद्या असा चाचणीचा कागद आला, तर पहिला प्रश्न टप्प्याचा विचारावा. पहिल्या टप्प्यात मुख्यतः पाहतात ते पेशींचा किती डोस झेपतो. गुण येतो का, हा प्रश्न तिथे दुय्यम असतो. चाचणी सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदणीच्या यादीत आहे का, ते कुणालाही इंटरनेटवर पाहता येतं. सहभागातून कधीही माघार घेता येते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई २०१९च्या नियमांनी बंधनकारक आहे.