सब्लिमेशन छपाईच्या आर्टवर्क फाइली : ग्रामीण विदर्भातील वापर

चहाचे मग, जर्सी, मोबाइल कव्हर, फोटोफ्रेम अशा वस्तूंवर उष्णतेने चित्र उतरवण्यासाठी मापात बसवलेली डिजिटल फाइल म्हणजे सब्लिमेशन आर्टवर्क. ऑर्डर आली की मगच छापायचे, या प्रिंट ऑन डिमांड पद्धतीत दुकानाचे खरे भांडवल मालात नसते, फाइलींत असते. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी हे काम बहुधा फोटो स्टुडिओवाला, फ्लेक्सवाला किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणारा दुकानदार जोडधंदा म्हणून करतो.

खास शाईने कागदावर चित्र उलटे छापतात आणि तो कागद वस्तूवर ठेवून हीट प्रेसमध्ये, म्हणजे तापवून दाबणाऱ्या यंत्रात, दाबतात. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला शाईतला रंग द्रव न होता थेट वायुरूप होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात किंवा मगावरच्या पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या) थरात शिरतो. त्यामुळे चित्र हाताला लागत नाही आणि सहसा धुऊन जात नाही. सुती कापडावर मात्र हा रंग टिकत नाही. यवतमाळ-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात हे गिऱ्हाइकाला पटवणे जड जाते. ‘कॉटनचाच द्या’ म्हणणाऱ्याला शेवटी पॉलिएस्टरचाच टी-शर्ट घ्यावा लागतो.

या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातला पांढरा भाग म्हणजे कोरी जागा, म्हणून वस्तूही पांढरी किंवा फिकट हवी. पिवळ्या कापडावर निळे अक्षर हिरवट उमटते आणि काळ्या कापडावर काहीच दिसत नाही. पार्श्वभूमी काढलेली पीएनजी (मोकळा भाग पारदर्शक ठेवणारी) फाइल सर्वांत सोयीची. नेहमीच्या मगावर सुमारे २० बाय ९ सेंटिमीटरचे चित्र बसते; ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने ते २३६२ बाय १०६३ पिक्सेल होते. गिऱ्हाइकाचा फोटो बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवरून, चार ठिकाणी फिरून आलेला असतो आणि प्रत्येक फेरीत फाइल दबून त्याचा दर्जा घटत गेलेला असतो. जाणता दुकानदार तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवतो. कागदावरची छपाई मुळात मळकट दिसते, रंग प्रेसनंतर खुलतात; काउंटरवर उभ्या माणसाला हे आधी सांगितलेले बरे.

मराठी मजकुराची कटकट वेगळी. जुन्या डिझाइन श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरे नुसत्या आकारांत बदलूनच, फाइल पुढे पाठवतात. पण कर्व्ह केल्यावर नावातली वेलांटी बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवावीच लागते.

१४ एप्रिलची जयंती, तान्हा पोळा, लग्नसराई आणि गावोगावचे कबड्डीचे सामने हे मागणीचे दिवस. पूर्ण छपाईच्या जर्सीत कापड आधी मोठ्या यंत्रावर छापून मग बेततात. ते काम गावात सहसा होत नाही, शहरात जाते. गावातून जाते ती फाइल आणि खेळाडूंच्या नावांची व क्रमांकांची यादी. चुका बव्हंशी या यादीतच होतात. पावसाळ्यात कागद आणि कापड दमट होऊन डाग पडतात, म्हणून चित्र ठेवण्याआधी नुसते कापड काही सेकंद दाबून घेतात.

तयार फाइलींचे गठ्ठे स्वस्तात मिळतात, पण त्यांचा परवाना पाहणारे थोडे. स्वतःपुरत्या वापराचा परवाना विक्रीच्या मगाला चालत नाही. फिल्मी हिरो आणि कार्टून छापणे तर सरळ जोखमीचे. संतांच्या चित्रांबाबत गोंधळ जास्त आहे. भारतीय कायद्यात छायाचित्रावरचा हक्क पूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपत असे; २०१२ च्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. त्यामुळे १९५६ साली वारलेल्या गाडगेबाबांचा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेला फोटोही मोकळा आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे. त्यावरून एखाद्याने नव्याने रंगवलेले चित्र तर त्या चित्रकाराचे असते, आणि त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो.