खासगी समुपदेशन व्यवसाय, कोकण किनारपट्टीवरील

संस्थेत नोकरी न करता स्वतःच्या जबाबदारीवर चालवलेले समुपदेशन. औषधे लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे. चिकित्सालयीन (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञाला 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

कोकणात या व्यवसायाची कसोटी लागते ती ओळखीपाळखीमुळे. दापोली किंवा मालवणात समोर बसलेली व्यक्ती बहुधा कुणा परिचिताची भाची, शेजारी किंवा आपल्याच मुलाची शिक्षिका असते. नात्यातल्या व घरोब्याच्या माणसांना क्लायंट म्हणून घेऊ नये. त्यांना पाठवायला शेजारच्या तालुक्यातला सहकारी आधीच ठरलेला हवा. बाकीच्यांशी पहिल्याच भेटीत बोलून घ्यावे: बाजारात किंवा शिमग्याच्या पालखीत गाठ पडली, तर क्लायंटने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची.

गुपित बोलण्यातून जितके फुटते, त्याहून अधिक पडवीतून फुटते. दाराशी काढलेल्या चपला आणि फाटकाजवळची स्कूटर पाहून आत कोण आहे ते वाडीला कळते. म्हणून चपला आतच ठेवाव्यात आणि दोन सत्रांत किमान 15 मिनिटे सोडावीत. पत्र्याच्या छपराखाली पावसात आवाज चढवावा लागतो, सर एकाएकी थांबते आणि अर्धे वाक्य ओटीवर ऐकू जाते. जून ते सप्टेंबर स्लॅबखालचीच खोली वापरावी. फोनवरच्या सत्रात क्लायंट एकांतासाठी बागेत जातो आणि तिथे नेमकी रेंज जाते. तुटलेला फोन कोणी, किती मिनिटांनी परत लावायचा हे आधी ठरवावे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद होतो. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे पहिल्याच सत्रात, लेखी सांगावे. नंतर सांगितले की विश्वासघात वाटतो. तातडीच्या वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक उपयोगी पडतो. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण दोडामार्गहून तिथे पोचायला काही तास जातात. रात्री नेणार कोण, वाहन कुणाचे, हे आपत्कालीन कागदावर लिहिलेले असावे.

सर्वांत मोठी उणीव सहकाऱ्यांची. 4 ते 6 जणांचा गट करून पंधरवड्यातून दीड तास पर्यवेक्षणासाठी, म्हणजे आपल्या कामातले प्रसंग मांडून सल्ला घेण्यासाठी, राखावा, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातील ज्येष्ठांकडे. तिथे नाव बदलून भागत नाही. ‘बंदरावरचा बर्फाचा कारखाना’ म्हटले की माणूस ओळखू येतो. धंदा, भावंडे, गाव सगळे वगळून आपण कुठे अडलो तेवढेच मांडावे.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि खलाशी कुटुंबांकडे पैसा नसतो. सवलतीची सत्रे त्या काळासाठी राखावीत, मात्र किती ते आधीच ठरवावे. नाहीतर नकार देणे जड जाते आणि थकवा साचतो. व्यवसायी स्वतः अंथरुणाला खिळला, तर क्लायंटना कोण कळवणार? त्यासाठी यादीचे सीलबंद पाकीट एका सहकाऱ्याकडे ठेवतात.