एकच जन्मदाखला, दोन देश: भारतीय फुटबॉलमधला पासपोर्टचा प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. सिंगापूरचे दोन्ही गोल साँग उई-यंगचे. तो जन्माने कोरियन, २०२१मध्ये सिंगापूरचा नागरिक झालेला. त्याआधी मार्चमध्ये शिलाँगला इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हमझा चौधरीने आईच्या देशाकडून, म्हणजे बांगलादेशकडून, आपल्याविरुद्धच पदार्पण केले होते. तेव्हापासून मडगावच्या नाक्यानाक्यावर एकच विषय आहे: परदेशातली आपली पोरे भारताकडून का खेळत नाहीत?

फिफा आडवी येत नाही. आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी त्या देशात जन्मलेले असले आणि खेळाडूकडे तिथले नागरिकत्व असले की पुरते. घोडे अडते ते नागरिकत्वापाशी. बांगलादेशाला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. २००५पासून भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना ओसीआय कार्ड मिळू लागले, पण ते नागरिकत्व नव्हे. तरीही अमेरिकी पासपोर्टवाला टेनिसपटू प्रकाश अमृतराज डेव्हिस चषकात भारताकडून खेळत होता. २००८च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने भारतीय पासपोर्टची अट घातली आणि तो रस्ताही बंद झाला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबच्या मायकेल चोप्राचे वडील भारतीय, त्याला भारताकडून खेळायचेही होते. पण ते राहूनच गेले.

जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताने मात्र २०१२मध्ये जपानी नागरिकत्व सोडले. वडील गुजराती, त्यामुळे कागदोपत्री नाव झाले नीलकंठ खंबोलजा. तो भारताकडून खेळला तेव्हा तिशी गाठून होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेला बंगळूरु एफसीचा रायन विल्यम्स २०२५मध्ये भारतीय नागरिक झाला, तोही बत्तिशीत. त्याची आई मुंबईची. कागद पूर्ण होईपर्यंत खेळाडूची उमेदीची वर्षे सरलेली असतात, हे मला सर्वांत जास्त खटकते.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९ डिसेंबर १९६१पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. आजोबांचा पोर्तुगीजकालीन जन्मदाखला शोधायचा, लिस्बनला जन्मनोंद करायची आणि पासपोर्ट घ्यायचा. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात तरी हा घरोघरचा उद्योग आहे. पण परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप जाते. म्हणजे ज्या दाखल्यावर नातू फिफाच्या लेखी भारताचा ठरू शकतो, त्याच दाखल्याने भारताची जर्सी हातची जाते. या पासपोर्टवर नोकरीसाठी इंग्लंड गाठलेल्या कुटुंबाला यात दोष कसा द्यायचा?

गोवेकर पूर्वीही बाहेर गेले आणि तिथले झाले. मोंबासात गोवेकर कुटुंबात जन्मलेल्या सेराफिनो अंतावने १९६२च्या पर्थ राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याची दोन सुवर्णे जिंकली, ती केनियासाठी.

बाहेरून पाच-सहा जण आणले म्हणून भारतीय फुटबॉल सुधारणार नाही. गावागावांतली मैदाने आणि मुलांच्या स्पर्धा यांना पर्याय नाही. पण ज्याला यायचे आहे त्याला ताटकळत ठेवण्यात काय मिळवले? आज पाच वर्षे ओसीआय कार्ड आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य, एवढे झाल्यावर नागरिकत्व मागता येते. आधीचे सोडावे लागते ते वेगळेच. युरोपात करार असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला वर्षभर इथे येऊन बसणे परवडणारे नाही. दुहेरी नागरिकत्वाचा वाद संसदेत जेव्हा सुटायचा तेव्हा सुटो. खेळाडूंपुरती ही वास्तव्याची अट तरी सरकारने आताच शिथिल करावी.